ट्रकचं मायलेज वाढलं खरं, पण ते काढलंय कुठून?

अमेरिकेत राहणारी आपली मराठी मंडळी पिकअप ट्रक बघायला जातात तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो जो गावाकडे स्प्लेंडर घेताना असतो, किती देते? आणि विचारायलाच पाहिजे, ट्रक म्हणजे पेट्रोल पिणारं जनावर, महिन्याचा खर्च डोळ्यासमोर येतो. शोरूममधल्या प्रत्येक ट्रकच्या काचेवर मायलेजचा स्टिकर असतो, शहरात इतके, हायवेला इतके, झालं. पण हे मायलेज इंजिनातून नेमकं कसं काढलंय आणि त्यापायी आठव्या-दहाव्या वर्षी कोणाच्या खिशाला चाट बसणार, हे त्या स्टिकरवर कुठेच नसतं. मला वाटतं गेल्या दहा-पंधरा वर्षातल्या अमेरिकन ट्रकची सगळी गोष्ट ह्या न लिहिलेल्या भागातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हिशोब करून टाकू. टोयोटाची जुनी टुंड्रा घ्या, २०२१ पर्यंत ५.७ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन यायचं, मायलेज गॅलनला १४-१५ मैल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास. २०२२ पासून त्याजागी दोन टर्बोवालं (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) सहा सिलिंडरचं व्ही-६ आलं, ते १९-२० मैल देतं. वर्षाला १५,००० मैल चालवणाऱ्याला १५ च्या मायलेजने १,००० गॅलन लागतात, २० च्या मायलेजने ७५०. गॅलनला ३ डॉलर धरले तर वर्षाचे ७५० डॉलर वाचले, आठ वर्षात ६,०००. ही काही छोटी रक्कम नाही आणि जे लोक म्हणतात की ट्रकवाल्याने मायलेज बघूच नये त्यांचं मला अजिबात पटत नाही.

पण हेच १८ वरून २० झालं तर? मग वाचतात वर्षाला फक्त ८३ गॅलन, म्हणजे २५० डॉलर. मैल प्रति गॅलन हा आकडा असाच फसवतो, खाली १५ च्या आसपास एकेक मैल खूप किमतीचा असतो आणि वर जाल तसा त्याचा भाव उतरत जातो. आता दुसऱ्या बाजूला हे ठेवा की वॉरंटी संपलेल्या ट्रकचं इंजिन बदलायची वेळ आली तर मजुरीसकट १०,००० डॉलर सहज जातात, बऱ्याचदा जास्तच. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी फोर्ड, जीएम (जनरल मोटर्स), टोयोटा सगळ्यांची वर्षानुवर्षं ५ वर्षं किंवा ६०,००० मैल अशीच आहे, आणि अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय २०२५ मधे १२.८ वर्षं होतं. म्हणजे गाडीचं अर्ध्याहून जास्त आयुष्य वॉरंटीच्या बाहेर जातं, आणि तेव्हा ती बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाकडे असते.

मग कंपन्या एकेका मैलासाठी एवढा जीव का टाकतात? कारण त्यांचा हिशोब तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळा आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ मधे अमेरिकेत कायदा झाला की प्रत्येक कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांचं सरासरी मायलेज ठरलेल्या पातळीच्या वर पाहिजे, नाहीतर दंड. २०१२ मधे ओबामा सरकारने त्याची पातळी खूप चढवली, २०२५ पर्यंत कार आणि हलके ट्रक मिळून कागदावर ५४.५ मैल प्रति गॅलन. फोर्ड एफ सिरीजचे ट्रक वर्षाला सात लाखांच्या वर विकले जातात, तिथे ट्रकमागे ०.३ मैल जरी वाढलं तरी कंपनीच्या सरासरीत ते ठळक दिसतं. तुमच्यासाठी तेच ०.३ म्हणजे वर्षाला ११ गॅलन, तेहतीस-चौतीस डॉलर. बरं, मायलेजची चाचणी होते ती नव्या गाडीवर, दीड लाख मैल चाललेल्या गाडीचं इंजिन कसं आहे हे त्या चाचणीत कोणी विचारत नाही. जुलै २०२५ मधे नवीन कायदा करून ह्या नियमाचा दंड शून्यावर आणलाय, पण इंजिनं एकदा डिझाइन झाली की दहा-पंधरा वर्षं चालतात, त्यामुळे आज शोरूममधे जे उभं आहे ते त्या जुन्या दबावाखालीच तयार झालेलं आहे.

आता हे मायलेज काढतात कुठून ते बघू, आणि सगळ्यात आधी ऑइल घेऊ, कारण तिकडे लोकांचं लक्षच जात नाही.

इंजिनात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो तो बेअरिंगच्या आत, आणि दोघांच्या मधे ऑइलचा केसापेक्षाही पातळ थर असतो. तो थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही आणि इंजिन वर्षानुवर्षं चालतं. ऑइल जाड असेल तर थर भक्कम, पण ते ढवळायला आणि पंपाने ढकलायला ताकद जास्त लागते, म्हणजे पेट्रोल जास्त. पातळ केलं की ताकद वाचते. स्वयंपाकघरातल्या एकतारी आणि दोनतारी पाकात जो फरक, तसाच हा. पूर्वी बऱ्याच ट्रकमधे ५डब्ल्यू-३० चालायचं, आता बहुतेक ठिकाणी ०डब्ल्यू-२०. ह्यातला मागचा आकडा इंजिन गरम झाल्यावर ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. ह्या बदलाने मायलेज वाढतं ते जेमतेम एखादा टक्का, पण ट्रकमागे काही डॉलरच्या खर्चात मिळतं म्हणून कंपन्यांना ते फार आवडतं.

एप्रिल २०२५ मधे जीएमने ६.२ लिटर व्ही-८ वाल्या गाड्यांचा मोठा रिकॉल काढला, म्हणजे दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या, २०२१ ते २०२४ च्या सिल्व्हराडो, सिएरा, टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड, एकट्या अमेरिकेतच जवळजवळ ६ लाख गाड्या. क्रँकशाफ्ट आणि त्याला पिस्टनशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडमधे बनवतानाचे दोष, त्यामुळे बेअरिंग जाऊन चालत्या गाडीत इंजिन बंद पडायचं किंवा रॉड ब्लॉक फोडून बाहेर यायचा. आता उपाय काय दिला तो नीट वाचा. डीलरकडे इंजिन तपासणार, खराब निघालं तर बदलून देणार, आणि जे पास झालं त्यात जास्त जाडीचं ०डब्ल्यू-४० ऑइल घालणार, फिल्टर नवा, वर ऑइल भरायच्या जागेचं झाकणसुद्धा नवीन, म्हणजे पुढे कोणी जुन्या सवयीने ०डब्ल्यू-२० ओतू नये. तेच इंजिन, तेच बेअरिंग, फक्त ऑइल वीसवरून चाळीसवर गेलं.

पातळ ऑइलमुळेच ती इंजिनं गेली असं मी म्हणत नाही. दोष पार्टमधेच होता आणि ०डब्ल्यू-२० वर चालणाऱ्या लाखो टोयोटा-होंडा वर्षानुवर्षं सुखात आहेत. पण पार्ट बनवताना थोडं इकडेतिकडे झालं, ऑइल बदलायला उशीर झाला, उन्हाळ्यात मागे बोट बांधून चढ चढवला, तर जाड थर ते सांभाळून घेतो आणि पातळ थर घेत नाही. चुका सांभाळून घ्यायची ही जी शिल्लक असते ना, तीच मायलेजसाठी थोडी थोडी खर्च होत गेलीय, आणि माझा मुख्य मुद्दा हाच आहे. टुंड्राचंही बघा, मे २०२४ मधे २०२२-२३ च्या टुंड्रा आणि लेक्ससच्या मोठ्या एसयूव्ही मिळून सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या, कारण कारखान्यात मशिनिंग करताना राहिलेला धातूचा कचरा इंजिनात राहिला आणि मेन बेअरिंग गेली. नोव्हेंबर २०२५ मधे ह्याच कारणासाठी अजून सव्वा लाखाच्या वर गाड्या त्यात आल्या. ही तीच टोयोटा जिच्या २००७ च्या टुंड्राने लुईझियानाच्या एका ड्रायव्हरकडे नऊ वर्षात दहा लाख मैल केले होते आणि कंपनीने अभ्यास करायला तो ट्रक परत मागून घेतला होता.

दुसरी युक्ती म्हणजे गरज नसताना काही सिलिंडर झोपवून ठेवायचे. हायवेला सरळ रस्त्यावर आठ सिलिंडरची ताकद लागत नाही मग चारच चालवा, ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं आणि कल्पना खरंच चांगली आहे. कॅडिलॅकने १९८१ मधेच हे करून बघितलं होतं, आठ-सहा-चार असं, पण तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते झेपलं नाही. नंतर २००७ च्या सुमाराला जीएमच्या ट्रकमधे हे सर्रास आलं आणि २०१९ पासून तर सिलिंडर चालू-बंद करायचे १७ पॅटर्न आले. रॅम कंपनीच्या ट्रकमधल्या हेमी नावाच्या व्ही-८ इंजिनातही हाच प्रकार आहे.

भानगड आहे ती लिफ्टरमधे. लिफ्टर म्हणजे कॅमशाफ्टवर टेकलेला बोटाएवढा पार्ट, कॅमचा उंचवटा आला की तो वर उचलला जातो आणि पुढे रॉडमार्फत व्हॉल्व उघडतो. साधा लिफ्टर एकसंध असतो. सिलिंडर झोपवायच्या सिस्टिममधे मात्र हा लिफ्टर दोन तुकड्यांचा असतो, एकात एक, आणि मधे बारीक पिना. पिना बाहेर असल्या की दोन्ही तुकडे जोडलेले राहतात आणि व्हॉल्व उघडतो, ऑइलचं प्रेशर देऊन पिना आत ढकलल्या की लिफ्टर स्वतःतच दबतो आणि व्हॉल्व बंदच राहतो. हे दिवसातून किती वेळा होत असेल विचार करा, प्रत्येक उतारावर, प्रत्येक वेळी पाय हलका झाला की. ऑइल घाण झालं, प्रेशर थोडं कमी-जास्त झालं किंवा पिन अडकली की लिफ्टर दबलेलाच राहतो, किंवा त्याचा खालचा रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमशाफ्टला घासायला लागतो, मग टिक टिक आवाज, मिसफायर, आणि घासलेला धातू ऑइलमधून सगळ्या इंजिनभर. जीएमच्या ह्या इंजिनात लिफ्टर काढायला सिलिंडर हेडच काढावी लागतात, म्हणजे पार्ट काही डॉलरचा आणि काम काही हजारांचं. कॅमही खराब असेल तर विचारूच नका.

आणि एवढं करून मिळतं किती? ह्याचं उत्तर योगायोगाने कंपनीकडूनच आलं. २०२१ मधे चिपची टंचाई होती तेव्हा जीएमने ५.३ लिटरवाले काही सिल्व्हराडो आणि सिएरा ही सिस्टिम न लावताच विकले, आणि सांगितलं की मायलेज साधारण १ मैल प्रति गॅलन कमी पडेल. एक मैल. १८ चे १७, म्हणजे वर्षाला ४९ गॅलन, दीडशे डॉलरच्या आत. पाच वर्षात ट्रक विकून टाकणाऱ्याला हे सातशे-साडेसातशे डॉलर फुकटात मिळाले. पण लिफ्टर गेला तर दहा वर्षांची बचत एका बिलात संपते, आणि ते बिल बहुतेक त्याच्या हातात पडतं ज्याने ट्रक सेकंडहँड घेतलाय.

तिसरं म्हणजे टर्बो. फोर्डने २०११ च्या एफ-१५० मधे दोन टर्बोवालं ३.५ लिटर इकोबूस्ट आणलं तेव्हा बरेच लोक म्हणाले ट्रकमधे व्ही-६ चालणारच नाही, आणि चाललं, भरपूर चाललं. तत्त्व सोपं आहे, इंजिन छोटं ठेवायचं, एरवी कमी पेट्रोल पिईल, आणि ताकद लागली की टर्बोने हवा कोंबून मोठ्या इंजिनाएवढी ताकद काढायची. पण जास्त हवा कोंबली की पेट्रोलही त्याच प्रमाणात लागतं, वर भार मोठा असला की आतली उष्णता आवरायला आणखी पेट्रोल सोडावं लागतं. म्हणून मालक लोक म्हणतात, एका वेळी इको मिळेल नाहीतर बूस्ट, दोन्ही एकदम नाही. ट्रेलर ओढणाऱ्याचा स्टिकरवरच्या आकड्याशी फारसा संबंध उरत नाही, मागे मोठा कॅम्पर लावला की व्ही-८ असो नाहीतर टर्बो व्ही-६, आठ-दहाच्या आसपासच येतात दोघे. रिकामा ट्रक हायवेला चालवणाऱ्याला मात्र टर्बोचा खरा फायदा होतो.

विश्वासार्हतेच्या बाजूने बघितलं तर टर्बोमुळे उष्णता आणि दाब वाढतो आणि पार्टची संख्याही वाढते, दोन टर्बो, त्यांच्या ऑइलच्या आणि कूलंटच्या नळ्या, इंटरकूलर. २०१७ नंतरच्या ३.५ इकोबूस्टमधे कॅम फेझरचा (व्हॉल्व उघडायची वेळ पुढेमागे करणारा पार्ट) त्रास गाजला, सकाळी थंड इंजिन चालू केलं की सुरवातीचे दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट, आणि फोर्डला त्यासाठी जादा वॉरंटी द्यावी लागली. २.७ लिटरवाल्यात हवा आत घेणारे इनटेक व्हॉल्व ठिसूळ निघाले, २०२१-२२ च्या एफ-१५०, ब्रॉन्को वगैरे मिळून ९० हजारांवर गाड्यांचा रिकॉल २०२४ मधे झाला. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमधे फवारतात त्यामुळे इनटेक व्हॉल्व पेट्रोलने धुतला जात नाही आणि त्यावर कार्बन साचतो. फोर्डने २०१७ पासून ३.५ मधे दोन्हीकडून फवारायची सोय केली, आणि माझ्या मते मायलेजसाठी केलेल्या बदलात हा एक बदल इंजिनाचंही भलं करणारा आहे.

आता कोणी म्हणेल मग जुनं ते सोनं. तसंही नाहीये. फोर्डचं ५.४ ट्रायटन व्ही-८, २००४ ते २००८ च्या दरम्यानचं, त्याला टर्बो नव्हता, सिलिंडर झोपवायची भानगड नव्हती, तरी त्याचे स्पार्क प्लग काढताना हेडमधेच तुटायचे आणि कॅम फेझर वाजायचे ते वेगळंच. आणि जुन्या टुंड्रा-टकोमांचं इंजिन अमर असलं तरी बर्फाळ राज्यात रस्त्यावरच्या मिठाने खाली चासीच गंजून जायची, टोयोटाला २०१६ मधे त्यासाठी कोर्टात मोठी तडजोड करावी लागली.

आणि सगळंच मायलेज इंजिनाच्या जिवावर काढलेलं नसतं, हे समजलं की ट्रक निवडणं खूप सोपं होतं. २०१५ मधे फोर्डने एफ-१५० ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची केली, वजन ७०० पाउंडांपर्यंत म्हणजे तीनशे किलोवर उतरलं. हे मायलेज इंजिनाला कुठलाही त्रास न देता आलं, उलट ओढायचं ओझं कमी झालं, ब्रेकवर कमी ताण, टायरवर कमी ताण. (ठोकला तर बॉडीचं काम महाग पडतं हे खरं.)

त्याहून चांगलं उदाहरण फोर्डच्याच छोट्या मॅव्हरिकचं आहे, २०२२ मधे आला, हायब्रिड, शहरात ४२ आणि हायवेला ३३. त्यातलं इंजिन २.५ लिटरचं, टर्बो नाही, सिलिंडर झोपवणं नाही. जोडीला इलेक्ट्रिक मोटर आणि एक ई-सीव्हीटी, म्हणजे गिअरचा एकच संच कायम एकमेकात अडकलेला, त्यात गिअर बदलणं नाही, पट्टा नाही, पूर्वीपासून प्रियसमधे असतो तसाच, आणि प्रियस टॅक्सी म्हणून किती लाख मैल पळतात हे न्यूयॉर्कमधे राहिलेल्यांनी बघितलंय. सिग्नलपासून निघताना जो जोर लागतो तो मोटर देते, त्यामुळे इंजिन रेटलं जात नाही. इथे मायलेज आणि टिकाऊपणा दोन्ही एकाच बाजूला आहेत. मर्यादा आहे ती ओढायच्या ताकदीची, सुरवातीला फक्त २,००० पाउंड, २०२५ पासून पॅकेज घेतलं तर ४,०००. घरासाठी लाकूड, माती, फर्निचर, महिन्यातून दोनदा कॉस्को एवढंच काम असेल तर मी दुसरा ट्रक बघणारही नाही.

डिझेलमधे जीएमचं ३.० लिटर ड्युरामॅक्स २०२० मधे आलं, टूव्हील ड्राइव्हला हायवेला ३३ मैल, एवढ्या मोठ्या ट्रकला हे भारीच आहे. पण त्याच्या ऑइल पंपाला एक पट्टा आहे, ऑइलमधे भिजलेला आणि इंजिनाच्या मागच्या बाजूला, दीड लाख मैलाला बदला असं सुरवातीच्या मॉडेलला सांगितलं होतं, आणि तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ८०-९० हजार मैल झालेला असा ट्रक स्वस्तात मिळाला तर किमतीत हे काम आधीच धरून चाला.

लोकांना हे सगळं कळत नाही असं नाही. रॅमने २०२५ मधे ५.७ हेमी बंद करून त्याजागी टर्बोवालं सहा सिलिंडरचं नवीन इंजिन आणलं होतं, गिऱ्हाईकांनी एवढी नाराजी दाखवली की २०२६ च्या मॉडेलला हेमी परत आणलं. नवीन इंजिन ताकदीलाही जास्त होतं आणि मायलेजलाही, तरी लोकांना जुनंच पाहिजे होतं.

तर निवडायचं कसं? तुम्ही चार-पाच वर्षात ट्रक बदलणारे असाल तर मायलेज बघूनच घ्या, वॉरंटी तुमच्या मागे उभी आहे. बारा-पंधरा वर्षं ठेवायचा असेल तर मायलेजच्या आकड्याबरोबर सेल्समनला विचारा की सिलिंडर डिअ‍ॅक्टिव्हेशन आहे का, टर्बो किती, ऑइल कुठलं, पट्टा ऑइलमधे आहे का, आणि त्याला सांगता आलं नाही तर ओनर्स मॅन्युअल आणि एखादा स्वतंत्र मेकॅनिक सांगेल. ऑइल गाडी सांगते त्या मैलांपर्यंत ताणू नका, टर्बो आणि लिफ्टरवाल्या इंजिनांना ५,००० मैलांना बदललेलं कधीही चांगलं, जास्तीचा खर्च वर्षाला शंभर-दीडशे डॉलर.

सेकंडहँड बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगून ठेवा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे ना बघा, मग बॉनेट उघडा ठेवून दुसऱ्या कोणाला स्टार्ट मारायला लावा आणि पहिले पाच सेकंद नुसतं ऐका, फेझरचा खडखडाट असेल तर तेव्हाच येतो, गरम झाल्यावर गप्प होतो. लिफ्टरची टिक टिक मात्र गरम झाल्यावरही चालू राहू शकते म्हणून वीस मिनिटं चालवून परत ऐका. ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा, त्यावर मैल किती आणि ऑइल कुठलं ते वाचा. आणि गाडीचा १७ अक्षरी व्हिन नंबर रस्ता सुरक्षा खात्याच्या सरकारी साइटवर टाकला की कुठला रिकॉल बाकी आहे ते लगेच दिसतं, पैसे लागत नाहीत, बाकी निघाला तर काम डीलर फुकट करतो, ते करून घेऊनच ट्रक ताब्यात द्या असं मालकाला सांगा.